भाऊजी, तेल लाल निघालं

भाऊजी, मी तुमच्या गाडीचं बोनेट उघडलं.

तुम्ही म्हणाला होतात, "साळेसाहेब, मी जित्ता आहो तोवर या बोनेटले तुमचा हात लागला नाही पायजे." मी शब्द पाळला. आयुष्यात मी पाळलेले शब्द फार नाहीत. पहाटे उठण्याचे, साखर सोडण्याचे, बायकोला दार्जिलिंग दाखवण्याचे असे बरेच वाटेत गळाले, पण हा एक टिकला. त्याची मुदत अशी संपणार हे ठाऊक असतं, तर आणखी वीस वर्षं त्या बोनेटकडे पाठ करून उभा राहिलो असतो.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. तेरवी झाली, पाहुणे पांगले, पोरगा पुण्याला परत गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, वो गाड़ी निकाल दो ना. मम्मी तो चलाएगी नहीं." तुमचंच पोरगं. मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत. ताईने आतून ऐकलं असावं. बाहेर आली, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "गाडी विकाची नाही. तू आता तुह्या मनासारखं तेल बदलून घे. लई भांडला त्यायच्याशी."

म्हणजे मी जिंकलो. दुसरी बाजू हजरच नसताना निकाल आपल्या बाजूने लागावा, तसा.

बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. रेल्वेतून निवृत्त झालेला एक गृहस्थ आणि नव्या रायपूरच्या एका कार्यालयात फायली सरकवणारा त्याचा साळा, दोघे शहाणेसुरते, गिअरबॉक्सच्या तेलावरून दोन उन्हाळे भांडले. पण आपलं भांडण हे असंच होतं. डावा गुडघा क्लच दाबू देईना म्हणून तुम्ही ती जुनी ऑटोमॅटिक घेतली. ज्याच्याकडून घेतली त्याने गिअरबॉक्सचं तेल कधी बदललंच नव्हतं. नवं असताना हे तेल गुलाबाच्या सरबतासारखं लाल असतं, मग तपकिरी होतं, मग काळं, आणि शेवटी त्याला करपलेला वास येतो. तुमची गाडी दांडा 'डी'वर टाकला की आधी विचार करायची. मग मागून कोणी ढकलावं तसा झटका द्यायची आणि निघायची. मी म्हणायचो, तेल मेलंय. तुम्ही म्हणायचात, "जुनी आहे ते. उठाले टाइम लागते. तुले नाही लागत का?"

माझं म्हणणं असं, की तेल बदला, पण एका दमात नाही. खालचा बोल्ट उघडला की निम्मंच तेल बाहेर येतं, बाकीचं आतल्या भांड्यात अडकून राहतं. म्हणून एकदा काढायचं, नवं भरायचं, काही दिवस गाडी फिरवायची आणि परत तेच करायचं. तुमचं म्हणणं असं, की इतक्या वर्षांच्या तेलात गिअरबॉक्समधल्या झिजलेल्या चकत्यांची भुकटी मिसळलेली असते आणि त्या भुकटीनेच चकत्या एकमेकींना धरून असतात. नवं तेल घातलं की गिअर घसरणार. यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही, पण हे मी तुमच्यासमोर कधी कबूल केलं नाही. तुम्हीसुद्धा माझं काही कबूल केलं नाही. सगळं कसं रीतसर चाललं होतं.

कोणतं तेल घालायचं, हा त्या भांडणाचा दुसरा अध्याय. तेलाच्या मोजपट्टीवर जो प्रकार कोरलेला आहे तेच तेल, दुसरं नाही, असं मी ठासून सांगायचो. तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणायचात, "लाल तं लाल. रक्ताचे गट पाहून राहिला का?"

"गटच असतात भाऊजी. चुकीचं घातलं तं गाडी थरथरते."

"तू बी थरथरतं. तुले कोणतं घातलं होतं?"

ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, जेवा आधी!" आणि आपण हात धुवायला उठायचो, तेही वाद घालतच.

बोनेटबंदी झाली ती माझ्यामुळे, हे इथे लिहिलं नाही तर तुम्ही वरून टोमणा माराल. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी तुम्हाला न विचारता तेलाची पातळी पाहिली. ती पाहायची असते गाडी चांगली तापल्यावर. मी पाहिली अंगणात, नुकत्याच सुरू केलेल्या थंडगार गाडीत. पट्टीवर तेल कमी दिसलं. मी बरोबर आणलेला डबा ओतला. परत पाहिलं, परत कमी वाटलं, परत ओतलं. मग आपण दोघं निघालो. तेल तापलं, फुगलं, फेसाळलं आणि बूढ़ातालाबच्या वळणावर आतून उसळून गरम पाइपावर सांडलं. धूर असा निघाला, की लोक स्कूटर टाकून पळाले. पळाला नाही तो फक्त गुपचुपवाला, म्हणजे इथला पाणीपुरीवाला. त्या भल्या माणसाने हातगाडीवरचं मडकं उचललं आणि चिंच-पुदिन्याचं अख्खं पाणी बोनेटच्या फटीतून आत रिकामं केलं. तुम्ही शांतपणे उतरलात, मला नाही, त्याला नमस्कार केलात आणि म्हणालात, "भैया, थोड़ी मिर्ची कम थी."

मग माझ्याकडे वळून ते जित्तेपणीचं वाक्य. गाडीला कितीतरी दिवस पुदिन्याचा वास यायचा. तुमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मिस्त्रीने जास्तीचं तेल काढून टाकलं तेव्हा मी तिथे नव्हतो. तोंड लपवून घरी बसलो होतो. पुढच्या रविवारी भीतभीतच आलो. वाटलं, आता भांडण संपलं, आता कोणत्या तोंडाने बोलणार. तुम्ही मात्र दारातच म्हणालात, "या साळेसाहेब. आज कोणतं तेल ओतता?"

मी दर रविवारी तुमच्याकडे यायचो, ते काहून, हे आपण दोघं कधी बोललोच नाही.

आमच्या बाबांचं तुम्हाला ठाऊक आहे. लेकीच्या घरी उगीच जायचं नाही, गेलं तर रिकाम्या हाताने नाही, आणि टेकायचं तर खुर्चीच्या कडेला. अमरावतीहून इतक्या लांब यायचे आणि तुमच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन यायचे. जावयाचा मान. तुम्ही एकदा त्यांच्या मागोमाग गेलात आणि टपरीवर त्यांच्या शेजारी बाकावर बसून चहा मागवलात. बाबा इतके गोंधळले, की दोघांचा चहा त्यांनी एकट्यानेच पिऊन टाकला. ही गोष्ट तुम्हीच सांगायचात, दर वेळी थोडी वाढवून.

माझी बदली रायपूरला झाली तेव्हा मी स्वतःला फार आधुनिक समजत होतो. पण हाड बाबांचंच. तुमच्या दाराशी आलो की हातात काहीतरी लागायचं आणि तोंडात काहीतरी कारण. आधी ताईला औषध आणून दे, मग मीटरची तक्रार कर, असं चाललं. मग गाडी आली आणि माझी सोय झाली. गाडीचं दुखणं असं, की ते कधी बरं होत नाही. दर रविवारी विचारायला यावंच लागतं. बायको म्हणायची, "तुम्ही भाऊजींकडे जाता का गाडीकडे?" मी म्हणायचो, "गाडीकडे." हे वाक्य तिने तुमच्या कानावर घातलं असेल का? माझ्या डोक्यात आता असले भुंगे फिरतात.

तर मी गाडी भनपुरीला नेली. दोन उन्हाळे मी ज्या गॅरेजची शिफारस करत होतो आणि तुम्ही ज्याला "थो ट्रकवाला" म्हणून उडवून लावत होतात, तिथेच. मोजपट्टीवर कोरलेल्या प्रकाराचे डबे मागच्या सीटवर ठेवले होते. खिशात मोबाइल तयार होता. खालचा बोल्ट उघडला, की काळ्या धारेचा फोटो काढायचा, असं मी घरूनच ठरवून निघालो होतो. तो फोटो मी कोणाला दाखवणार होतो, देव जाणे.

साहू मिस्त्रीने गाडी तापू दिली, दांडा सगळ्या घरांतून फिरवला, पट्टी ओढली आणि पांढऱ्या फडक्यावर पुसली.

लाल. करपलेला वास नाही, काळेपणा नाही. फडक्यावर स्वच्छ लाल डाग.

मी किती हुशार माणूस आहे ते ऐका. मी म्हटलं, "भैया, ये गलत पट्टी निकाली आपने."

त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीच्या नंबराकडे पाहिलं. म्हणाला, "ये गाड़ी तो हो गई है साहब. अंकल लाए थे न, होली के पहले. एक बार निकाला-डाला, बोला थोड़ा चला के लाओ. फिर दोबारा आए."

"कौन अंकल?"

"अरे, जो थोड़ा लँगड़ा के चलते हैं. सुपारी वाले. तेल भी खुद ही लाए थे. मैं बोला, मेरे पास भी है, लाल वाला. तो बोले नहीं, मेरा साला बोला है यही डालना, दूसरा डाला तो गाड़ी थरथराएगी." मग तो हसला. "बोले, आदमी टेढ़ा है मेरा साला, पर तेल में सही है."

मी काही सांगितलं नव्हतं, तेव्हा त्यानेच विचारलं, "कैसे हैं अंकल?"

मी सांगितलं. त्याने फडकं घडी करून बाजूला ठेवलं आणि बोनेट हळूच बंद केलं. आजवर एवढ्या हळू कोणी ते बंद केलं नसेल. आपण दोघं तर ते आपटायचोच.

भाऊजी, होळीच्या आधी! म्हणजे त्यानंतरचा अख्खा उन्हाळा, पावसाळा, गणपती, सगळे रविवार, तुम्ही माझ्याशी खोटं भांडलात. दल्ली गावच्या कोण्या ओळखीच्या माणसाची गाडी तेल बदलल्यावर भर बाजारात गतप्राण झाली, हा किस्सा तुम्ही मे महिन्यात सांगितला होता. त्या माणसाचं नाव विचारलं तेव्हा तुम्हाला सुपारी लागली आणि खोकला आला. मी समजलो, मुद्द्यात अडकले म्हणून खोकून राहिले. घरी जाऊन बायकोला म्हटलं, "आज भाऊजींना गप्प केलं."

आणि पंडरीच्या कापडबाजारातला तो दिवस. तो मला सोडत नाही. ताई लग्नाच्या आहेराची लुगडी घ्यायला आत गेली होती आणि आपण गाडीत बसलो होतो, काचा खाली, हातात उसाचा रस. ती आली, तुम्ही दांडा 'डी'त टाकला. आता आठवतो तेव्हा स्पष्ट कळतं, गाडी लोण्यासारखी निघाली होती. पण मी तज्ज्ञ ना! झटका कुठे असतो हे मला पाठ होतं, त्यामुळे तो बसायच्या आधीच मी ओरडलो, "बसला! पाहा, बसला का नाही झटका?"

तुम्ही आरशात ताईकडे पाहिलंत. मग समोर पाहत म्हणालात, "हव. बसला थोडा."

नसलेला झटका तुम्ही मान्य केलात. आख्ख्या भांडणात तुम्ही माझं मान्य केलेलं ते एकच वाक्य, आणि तेही खोटं. मी मात्र घरापर्यंत छाती काढून बसलो. गाडीत बसून गाडी न कळणारा आणि तुमच्या शेजारी बसून तुम्ही न कळणारा असा मी साळा तुम्हाला मिळाला. माझं एवढं एक सोडलं, तर सासर चांगलं होतं तुमचं.

भनपुरीहून सरळ ताईकडे आलो. डबे तसेच मागच्या सीटवर. ती शेंगा सोलत बसली होती. माझं तोंड पाहून म्हणाली, "लाल निघालं का?"

"तुले माहीत होतं?"

"मले काय माहीत नसते या घरातलं?"

"मग सांगितलं काहून नाही? नुसतं सांगून टाकायचं ना."

"सांगितलं असतं तं तू मानलं असतं का? तू पट्टी पाहिल्याबिगर देवाले बी मानत नाही. म्हणून तं धाडलं तुले."

मग तिने थांबत थांबत सांगितलं. त्या पुदिन्याच्या दिवशी मिस्त्रीने तेल काढलं ते काळंकुट्ट निघालं. तुम्ही घरी येऊन हात धुतलेत आणि म्हणालात, "पोट्टा बरोबर बोलून राहिला होता." मी पन्नाशी ओलांडली, भाऊजी. डोक्यावर केस मोजके. मला पोट्टा म्हणणारं माणूस आता जगात एकच उरलंय आणि तेही शेंगा सोलतंय.

"मी म्हटलं, मग सांगून द्या त्याले, खूश होईन बिचारा. तं म्हणे, नाही. मानलं असं सांगितलं तं रविवारी येईन कायले तो? तुह्या बापाने या घरचं पाणी नाही पेलं. हा तं त्यायचाच पोट्टा. कामाशिवाय पाय नाही ठेवत. राहू दे, भांडू दे त्याले."

ती परत शेंगांकडे वळली. मला तिथे बसवेना आणि उठवेनाही.

तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात नवं भांडण काढलंय. तुम्ही एवढं ओळखलंत, तर उरलेलं का ओळखलं नाही? मी तेलासाठी येत नव्हतो. तेल बदललं असतं तर मी टायर काढले असते, टायर बदलले असते तर काच काढली असती. तुमच्या सुपारीच्या आवाजाशिवाय माझा आठवडा सुरूच होत नव्हता. हे सगळं तुम्हाला माहीत असणार, असं मी स्वतःला समजावतो. पण मग तुम्ही ते तेल लपवलं नसतं. लपवलंत, म्हणजे कुठेतरी तुम्हाला वाटत होतं की वाद संपला तर हा यायचा नाही. मी तुम्हाला तसं वाटू दिलं. इतके रविवार आलो, आणि त्यातल्या एकाही रविवारी तुमच्यासाठी आलोय असं दिसू दिलं नाही. तुमचे तेवढे महिने त्या शंकेत गेले का, की सुपारी कातरता कातरता तुम्ही मजेत होतात? ताईला विचारलं. ती म्हणाली, "मजेतच होते." पण ती माझी बहीण आहे, ती तेच म्हणणार.

कृतज्ञता म्हणावी तर तीही आहे, खोटं कशाला बोलू. माझ्यासाठी कोणी भांडण जिवंत ठेवलं होतं. लोक जावयासाठी काय काय करतात, आमच्या घराण्यात तर त्याचे ग्रंथ होतील. साळ्यासाठी असं काही केलेलं मी दुसरं पाहिलं नाही. तुम्ही दुखऱ्या गुडघ्याने भनपुरीपर्यंत दोनदा गेलात, माझ्याच मिस्त्रीकडे, माझंच तेल घेऊन, आणि परत येऊन मला म्हणालात, "लाल तं लाल." मला हसू येतं आणि मग हसता हसता ठसका लागतो. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, सुपारी. मी सुपारी खात नाही हे तिला माहीत आहे. ती पुढे विचारत नाही.

गाडी विकणार नाही. भाच्याला सांगितलं, तो म्हणाला, "ठीक है मामा, जैसा आप लोग बोलो." ताईला मी रोज थोडी शिकवतो. ती 'डी'त टाकते, ब्रेकवरचा पाय उचलते आणि गाडी अजिबात विचार न करता निघते. मग तीच घाबरून ब्रेक दाबते. आता झटका बसतो तो तिचा.

आज रविवार. ताईचं गाडी शिकणं स्वयंपाकाच्या घाईत सकाळीच रद्द झालं होतं, तसा तिचा फोनही आला होता. गाडीचं काही नव्हतं, औषध संपलेलं नव्हतं, मीटर ठीक होता. तरी मी निघालो. दारात उभा राहिलो तेव्हा हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवायचे कळेना.

ताईने दार उघडलं. "काहून रे? म्हटलं ना आज गाडी नाही काढाची. काय काम निघालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "असाच आलो. तुमच्या घरी."

ती मला आत घ्यायला बाजूला सरली. मग म्हणाली, "हे त्यायच्यासमोर काहून नाही म्हटलं रे कधी?"

भाऊजी, समोर तुम्ही असतात आणि वाद असता, तर काहीतरी सुचलं असतं.